तिलाच विचार

इंद्रपुरी, भोपाळ

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

तू सूनबाईचा मोबाइल रात्री उघडून बघतोस, असं वहिनीच्या बोलण्यातून कळलं. तिला गाडीवर कोणी सोडलं, याची चौकशी म्हणे सोसायटीच्या वॉचमनकडे केलीस! वॉचमनकडे? तिलाच का नाही विचारलंस?

अप्पा गणपतीत फाल्गुनराव करायचे तेव्हा तू पहिल्या रांगेत हसून लोळायचास. देवलांचं ते 'संशयकल्लोळ' नाटक आठव. भोवळ आलेल्या रेवतीला फाल्गुनराव सावरतो, हे खरं. तिच्याकडून पडलेली तिच्या प्रियकराची, अश्विनशेटची, तसबीर फाल्गुनरावाच्या बायकोच्या, कृत्तिकेच्या, हाती लागते, हेही खरं. पुरावे खरे, काढलेले अर्थ तेवढे खोटे. आपल्याला सगळं ठाऊक म्हणून आपण हसतो. ते दोघं मात्र जळत असतात. मुळात फ्रेंच नाटककार मोलिएरने १६६० मध्ये पॅरिसला याच तसबिरीवर हसवलं होतं. मोबाइलमध्ये शोधशील तर तुलाही रोज एक तसबीर सापडेल!

त्याच देवलांनी १८९० मध्ये 'ऑथेल्लो'वरून 'झुंजारराव' लिहिलं. ऑथेल्लो बायकोला रुमालाबद्दल विचारतो खरा, पण तोवर मनात निकाल लागलेला असतो. निरपराध बायको जिवानिशी जाते. म्हणून म्हणते, वेळेवर विचार, आणि ती सांगेल ते ऐकून घे.

आम्ही इथे नवे होतो तेव्हा हे भेलमध्ये सेकंड शिफ्टला असत. यायला उशीर झाला की माझ्या मनात नाही नाही ते येई, आणि विचारायचा धीर होत नसे. कितीतरी रात्रीची जेवणं अबोल्यात झाली. आज हे नाहीत, त्या रात्री कोणाकडे परत मागू?

फार बोलले, रागावू नकोस. तुझी नोकरी सुटली, तिला बढती मिळाली, तेव्हापासून तू स्वतःलाच कमी लेखतोस, हे मला कळतं रे. पण तिने पगार बघून तुला होकार दिला नव्हता. 'कुठे होतीस?' असं दरडावू नकोस. 'मला भीती वाटते,' एवढं तिच्याजवळ बोल. त्यात कमीपणा नाही.

दिवाळीला दोघं या. तिला आवडतात म्हणून अनारसे करणार आहे. तिकिटं मी काढते, पैशांचा विचार करू नकोस. आणि जेवत जा वेळेवर.

तुझी,
आत्या