घोरण्याला गाढ झोप समजू नका

आमच्या यांचं घोरणं घरात सगळ्यांच्या सवयीचं होतं. दिवसभर राइस मिलमध्ये राबणारा माणूस घोरणारच, असं सासूबाई म्हणायच्या. पण रात्री मला जे दिसायचं ते वेगळंच होतं. घोरणं मध्येच थांबायचं, पोट हलत असायचं पण नाकातोंडातून वारा नाही. मग गुदमरल्यासारखा मोठा आवाज होऊन श्वास सुटायचा. सकाळी डोकं जड, दिवसा गल्ल्यावर बसल्या बसल्या पेंग, आणि गोळ्या वाढवूनही बीपी उतरेना. शेवटी देवरीला जाताना कोहमाऱ्यापुढे हायवेवर यांना डुलकी लागली आणि गाडी रस्ता सोडून खाली उतरली. थोडक्यात निभावलं. त्यानंतरच तपासणी झाली.

निदान झालं स्लीप अ‍ॅप्निया. झोपेत घसा सैल पडून श्वासाची वाट बुजते. श्वास निदान 10 सेकंद अडला तर ती एक खेप धरतात. मोठ्या माणसात तासाला अशा 5 पर्यंत खेपा चालतात, 30 च्या वर गेल्या तर आजार तीव्र. ऑक्सिजन पुन्हा पुन्हा घसरतो आणि हृदयावर ताण येतो. 2022 मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी मुंबईत गेले, तेव्हा त्यांच्या डॉक्टरांनीही याच आजाराचं नाव घेतलं होतं.

अशी लक्षणं दिसली तर छातीच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. गोंदियाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयापासून सुरुवात करा आणि ‘स्लीप स्टडी’ कुठे होईल ते स्पष्ट विचारा. नागपूरला जावं लागलं तर तिथल्या शासकीय मेडिकल कॉलेजात किंवा एम्समध्ये आधी चौकशी करूनच निघा. ही तपासणी रात्रभराची असते. श्वास, ऑक्सिजन, हृदयाचे ठोके, सगळं नोंदलं जातं.

जाताना झोपेतला मोबाइल व्हिडिओ सोबत न्या. दारू टाळा आणि झोपेची गोळी मनाने घेऊ नका, त्याने घसा आणखी सैलावतो. उपचार लागू पडेपर्यंत गाडी दुसऱ्याला चालवू द्या. सीपॅप यंत्र दिलं तर मास्क नीट बसवून घ्या आणि रोज लावा. यंत्र हवेच्या दाबाने वाट उघडी ठेवतं, आजार मुळातून काढत नाही. वजन जास्त असेल तर ते उतरवणंही उपचाराचाच भाग आहे.

आणि बायांनो, डॉक्टरकडे पेशंटला एकटं धाडू नका. झोपेत श्वास थांबतो हे त्याला कळतच नाही. ते आपणच सांगायला हवं.