विळा तापवण्याआधी

बैल लंगडला की आधी विळा चुलीत जातो. पशुधन पर्यवेक्षक म्हणून माझी बरीच नोकरी साखर कारखान्यांच्या तळांवर गेली. ऊसतोडीला आलेल्या कितीतरी बैलांच्या फऱ्यावर, गुडघ्यावर, खांद्यावर मी डागांच्या रेघा पाहिल्या.

"डागलं आणि तिसऱ्या दिवशी चालायला लागला की हो!" असं गाडीवान छातीठोक सांगतात. ते खोटं बोलत नाहीत. पण तो आजार बहुतेक वेळा तिवा असतो. पावसाळ्यात आणि त्यानंतर चावऱ्या कीटकांमुळे पसरणारा ताप. आज पुढचा पाय धरतो, उद्या मागचा. मग डागायचा तरी कोणता? बहुतेक जनावरं तीन-चार दिवसांत आपसूक उठतात आणि श्रेय मिळतं विळ्याला.

तिव्यात डागण्याहून वाईट म्हणजे नळ्याने औषध पाजणं. एका गाडीवानाने बसलेल्या बैलाला तेल-ओव्याचा काढा पाजला. या तापात गिळण्याची ताकद कमी होते, काढा श्वासनलिकेत उतरतो. पाय मोकळे झाले, पण बैल धापा टाकू लागला, नाकातून घाण वास येऊ लागला. मला बोलावलं तेव्हा फुप्फुसं गेली होती. ती जोडी उचल घेऊन विकत घेतलेली होती. बैल गेला, उचल राहिली.

तिव्यात बैलाला मऊ जागेवर ठेवा, कूस बदलत राहा, पाणी समोर ठेवा, सुई डॉक्टरांना देऊ द्या. उठला म्हणून लगेच गाडीला जुंपू नका.

खांदा सुजतो तो बेढब जुवामुळे, उंचीला विजोड जोडीमुळे, जादा भरलेल्या गाडीमुळे. तिथे डाग द्यायचा आणि त्याच भाजलेल्या कातडीवर पुन्हा जू ठेवायचं, हा कुठला न्याय? ताज्या सुजेला थंड पाणी, जुनीला शेक आणि दोन्हींत काम बंद. पोळ्याच्या आदल्या दिवशी हळद-लोण्याने खांदे मळणारे आपलेच वाडवडील. त्यांच्याशी माझं भांडण नाही. जखमेवर जळकं ऑईल ओतणाऱ्यांशी, लाळ्या-खुरकुतात फुटलेले खूर तापल्या वाळूत चालवणाऱ्यांशी आहे. ते खूर पोटॅशियम परमँगनेटच्या फिक्या गुलाबी पाण्याने धुवा.

तळावर उतरलात की जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना विचारून ठेवा. फिरत्या पथकासाठी 1962 हा नंबर लावा. फोनला पैसे पडत नाहीत.