प्रतिनिधीची सनद

मलकापूरच्या वाचकांस 'प्रतिनिधी' हा शब्द नवा नाही. 1844 च्या गडकऱ्यांच्या बंडानंतर विशाळगडच्या पंतप्रतिनिधींचे ठाणे याच गावी आले. प्रतिनिधी म्हटला की त्यास धन्याची सनद हवी. आता रोमचे पोप हे ख्रिस्ताचे पृथ्वीवरील प्रतिनिधी म्हणविले जातात. आंबा घाटाखाली कोकणात किंवा गोव्यात सोयरीक झालेल्या घरी प्रश्न निघतो : "पेत्र हा पहिला पोप, त्याची गादी सोडून तुम्ही कोठे गेलात?" याचे उत्तर रागाने देऊ नये, इतिहास पाहून द्यावे.

पेत्र रोमेत कधी गेलाच नाही, असे आपल्यांतील कित्येक ठासून सांगतात. हे बरे नव्हे. त्याने तेथे रक्तसाक्ष दिली, ही परंपरा फार जुनी व विश्वसनीय आहे. परंतु रोमेत मरणे निराळे आणि तेथे गादी स्थापून वारस नेमणे निराळे. पौल रोमकरांस लिहिताना सोळाव्या अध्यायात वीसाहून अधिक जणांस नावानिशी सलाम सांगतो. त्यांत पेत्राचे नाव नाही.

सुमारे 96 साली रोमेहून करिंथास एक पत्र गेले. ते क्लेमेंताचे म्हणून प्रसिद्ध आहे; पण आत त्याचे नावही नाही, पत्र लिहिते ती रोमची मंडळी. त्यात 'वडील' व 'अध्यक्ष' हे शब्द एकाच हुद्द्यास लाविले आहेत. पुढे अंत्युखियाचा इग्नाती हुतात्मा होण्यास जात असता इतर मंडळ्यांस त्यांच्या अध्यक्षाची आज्ञा पाळा असे बजावतो, पण रोमकरांच्या पत्रात अध्यक्षाचा उल्लेखच करीत नाही. तेव्हा तेथील कारभार वडीलजनांच्या हाती होता, असेच दिसते.

मग रोमेस एवढा मान कसा मिळाला? मुख्यतः प्रीतीच्या कामांमुळे, आणि हे आपण मोकळ्या मनाने कबूल करावे. 251 च्या सुमारास रोमचा अध्यक्ष कर्नेल्य लिहितो की, आपल्या मंडळीत 46 वडील असून 1500 हून अधिक विधवा व दीनदुबळे तिच्या अन्नावर पोसले जातात. दोन थोर प्रेषितांच्या कबरी तेथे, आणि बादशाहीची राजधानीही तीच.

पण मान मिळाला म्हणजे हुकूम चालविण्याचा मोह होतो. सुमारे 190 साली वल्हांडणाच्या तिथीवरून विक्टर आशियातील मंडळ्यांस तोडू लागला, तेव्हा लियोनच्या इरेनीने त्यास समज दिली. पुढे पाखंडी लोकांकडून झालेल्या बाप्तिस्म्याविषयी वाद पेटला. स्तेफन याने आपण पेत्राच्या जागी आहोत असा दावा केला. उलट 256 साली कार्थेजास सिप्रियनासह 87 अध्यक्ष जमले व त्यांनी त्याचे मत मानिले नाही. मत्तय 16 मधील 'खडका'चा आधार घेऊन रोमची सत्ता पूर्णपणे मांडली ती 440 ते 461 पर्यंत अध्यक्ष असलेल्या लिओने. त्याच्याच हयातीत, 451 साली, खल्केदोनच्या सभेने मात्र ठरविले की वडिलांनी रोमेस मान दिला तो ती राजनगरी म्हणून. लिओने तो ठराव नाकारला; साहजिकच होते, कारण त्यात सनद पेत्राची नसून नगराची ठरत होती.

आणि 'ख्रिस्ताचा प्रतिनिधी' ही पदवी? फार काळ रोमचे अध्यक्ष 'पेत्राचे प्रतिनिधी' एवढेच म्हणवीत. ही मोठी पदवी ठामपणे आपली म्हणून सांगितली ती तिसऱ्या इनोसंताने, 1200 च्या सुमारास. म्हणजे पेत्राच्या मरणानंतर अकराशेहून अधिक वर्षांनी.