दिलं खूप, पण मैत्री?

आजचं वाचन : योहान १५:१२-१७



वधस्तंभाच्या आदल्या रात्री प्रभू येशू शिष्यांना दास न म्हणता मित्र म्हणतो. कारणही देतो : पित्याकडून जे ऐकलं, ते सगळं त्याने त्यांना सांगितलंय. दासाला फक्त काम कळतं, मित्राला मन कळतं.

हे वाचताना मला बिशप व्ही. एस. अझरय्या आठवतात. जन्म १८७४, तिरुनेलवेली भागातल्या एका खेड्यात, पाळकाच्या घरी. १९१० मध्ये एडिंबरोच्या जागतिक मिशनरी परिषदेत ते बोलायला उभे राहिले, तेव्हा वय ३५. समोर बहुतेक सगळे पाश्चात्त्य मिशनरी. अझरय्यांनी त्यांच्या त्यागाबद्दल कृतज्ञता मानली. पण स्पष्टच सांगितलं की भारतीय सेवकांना तुम्ही बरोबरीचं मानत नाही. आम्हाला तुमची मैत्री हवी आहे. अनेकांना ते झोंबलं.

२९ डिसेंबर १९१२ ला कलकत्त्यात त्यांची बिशप म्हणून दीक्षा झाली. अँग्लिकन मंडळीचे ते पहिले भारतीय बिशप.

पण मला खरं शिकवतं ते पुढचं. जी मैत्री त्यांनी मागितली, ती दोर्नकलमध्ये त्यांनी स्वतः दिली. स्वतः तमिळ, पण तेलुगू शिकले. खेडोपाडी माला आणि मादिगा या दलित समाजांत फिरले. बाप्तिस्मा घेणाऱ्याने स्वतःच्या डोक्यावर हात ठेवून सुवार्ता सांगायची शपथ घ्यावी, असा त्यांचा आग्रह असे. म्हणजे कालचा शेतमजूर आज नुसता घेणारा नाही, सेवेतला सोबती! १९४५ च्या १ जानेवारीला मृत्यू येईपर्यंत ते दोर्नकलचेच बिशप राहिले.

आता स्वतःकडे बघू या. नाताळला आपण कपडे वाटतो, धान्य देतो. चांगलंच आहे. पण घेणाऱ्याच्या घरी कधी जेवायला बसलोय का? माझ्या ऑफिसात रोज टेबल पुसणाऱ्या काकांचं नाव मला दोन वर्षांनी कळलं. दिवाळीला पाकीट मात्र न चुकता द्यायचो. देणं सोपं असतं, कारण देताना आपण वरच राहतो. मैत्रीत शेजारी बसावं लागतं.

आजची कृती : ज्याला आपण फक्त 'मदत' करतो, अशा एकाशी आज दहा मिनिटं बोला. काही देऊ नका, फक्त ऐका.

प्रार्थना : प्रभू येशू, तू आम्हाला मित्र म्हटलंस. आम्हालाही कुणाचे तरी खरे मित्र होऊ दे. आमेन.