फोटो वरून, हद्द खालून



वर्गातला जालना जिल्ह्याचा नकाशा पाहून मला नेहमी प्रश्न पडायचा, की हे मोजले कोणी आणि कसे? गेल्या वर्षी आजोळी त्याचे उत्तर सापडले.

पूर्वी मोजणी शंकू-साखळीने होई. साखळी ३३ फूट लांब. लांबीला एक साखळी व रुंदीला एक साखळी म्हणजे १०८९ चौरस फूट. हाच आपला एक गुंठा. ४० गुंठ्यांचा एक एकर. शेते अशी मोजली गेली, म्हणून शेताला सातबारा आहे. गावठाणातल्या पुष्कळ घरांना मात्र हद्दीचा नकाशाच नव्हता. पुरंदर तालुक्यातील सोनोरी गावी ड्रोनने गावठाण मोजण्याचा प्रयोग झाला. पुढे २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारची स्वामित्व योजना आली.

ड्रोन उडत उडत फोटो काढतो. प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा बराच भाग पुन्हा येतो. असे का? करून पाहा. डोळ्यांपुढे बोट धरा. एकदा डावा डोळा मिटा, एकदा उजवा. बोट सरकल्यासारखे दिसते. जवळची वस्तू जास्त सरकते, लांबची कमी. तसेच ड्रोनला उंच छप्पर जास्त सरकलेले दिसते आणि जमीन कमी. त्यावरून उंची काढतात. पूर्वी माणसे दोन फोटो यंत्रात ठेवून, डोळे लावून एकेक रेघ काढीत. आता संगणक शेकडो फोटोंतल्या सारख्या खुणा स्वतः जुळवतो. तिरके दिसणारे सरळ करून एकच मोठे चित्र बनवतो. त्यावर अंतर मोजता येते. त्यामुळे काम फार लवकर होते.

पण फोटोत पत्रा दिसतो, पत्र्याखालची भिंत दिसत नाही. झाडाखालचेही दिसत नाही. म्हणून ड्रोन उडण्याआधी लोकांना विचारून हद्दीवर चुना टाकतात. दिवाळीच्या सुट्टीत चुना टाकला, त्या दिवशी आजी कापूस वेचायला गेली होती. शेजाऱ्यांनी दाखवली तिथे रेघ पडली. आमची न्हाणीची जागा पलीकडे गेली!

उन्हाळ्यात नकाशा घेऊन चौकशीला माणसे आली. आजी म्हणाली, "फोटू खोटा नाही बाबा, रेघच चुकीच्या जागी पडली." गल्लीतल्या दोन म्हाताऱ्या माणसांनी जुन्या भिंतीचा पाया दाखवला. शेजारच्या काकांनीही मान्य केले. टेप लावून पुन्हा मोजले आणि रेघ दुरुस्त झाली.

आपले मस्तगड जालना शहरात आहे, पण आपल्यापैकी कितीतरी जणांची घरे गावाकडे आहेत. तिथे मोजणी निघाली, तर चुन्याच्या दिवशी घरी थांबा. चौकशीच्या वेळी नकाशा नीट पाहा. चूक दिसली तर मिळकत पत्रिका होण्याआधीच हरकत सांगा. संगणक फोटो जुळवतो. हद्द मात्र आपणच दाखवायची असते.