गोड फ्रेंच टोस्ट: चौघांचा नाश्ता सव्वाशे रुपयांत

फ्रेंच टोस्ट हा शिळ्या ब्रेडचा पदार्थ. ब्रेड, अंडी, दूध, साखर एवढंच त्याचं भांडवल. तो महागतो वरच्या सिरपने, खास ब्रेडने आणि तव्यावर सढळ हाताने टाकलेल्या बटरने. या तीन ठिकाणी लक्ष ठेवलं तर चौघांचं पोटभर, गोड खाणं अगदी आटोपशीर खर्चात होतं.

पुण्या-मुंबईच्या किराणा दुकानांतले सर्वसाधारण भाव धरून ८ स्लाइसचा हिशेब असा (आपल्याकडचे भाव घालून आकडे बदलून घ्या):

• ब्रेड, ४०० ग्रॅमचा अर्धा पुडा: २५ रुपये
• अंडी ३: २१ रुपये
• दूध पाव लिटर: १५ रुपये
• साखर २ मोठे चमचे: २ रुपये
• बटर ४० ग्रॅम: २४ रुपये
• केळी ४: २० रुपये
• काकवी ६० ग्रॅम: ९ रुपये
• वेलची, चिमूटभर मीठ: ३ रुपये
• गॅस: ४ रुपये

एकूण १२३ रुपये, म्हणजे माणशी साधारण ३१. सोबत प्रत्येकाला २०० मिली दूध दिलं तर ४८ रुपये वाढतात आणि माणशी खर्च ४३ वर जातो.

कुठे वाचवाल?

ब्रेड: साधा, आदल्या दिवशीचाच घ्या. तो थोडा सुकलेला असल्याने दूध-अंड्यात भिजूनही मोडत नाही. ताजाच असेल तर स्लाइस मंद तव्यावर दोन्ही बाजूंनी कोरड्या शेकून घ्या. बुरशीचा ठिपका दिसला तर मात्र तेवढाच भाग कापून भागत नाही, पुडा टाकून द्या.

सिरप: मेपलच्या झाडाचा सुमारे ४० लिटर रस आटवला की १ लिटर सिरप मिळतं, शिवाय ते परदेशातून येतं. महाग असणारच. नुसतं ‘मेपल फ्लेवर’ लिहिलेल्या स्वस्त बाटलीमागची घटकांची यादी वाचा. जो घटक सर्वांत जास्त, तो यादीत पहिला असतो. तिथे साखरच दिसली तर पैसे पाकाचे जातात. त्यापेक्षा कोल्हापूर-साताऱ्याकडची काकवी घ्या. तिचा खमंग गोडवा टोस्टवर फार छान लागतो.

बटर: ते पटकन करपतं. घरी साय विरजून तूप कढवत असाल तर तेच वापरा. २४ रुपये बहुतांशी वाचतील आणि टोस्ट काळे पडणार नाहीत.

अंडी: थंडीत भाव चढतात. आठवड्यात संपणार असतील तर ३० अंड्यांचा ट्रे सुट्या अंड्यांपेक्षा स्वस्त पडतो. अंडी चालत नसतील तर दीड कप दुधात २ मोठे चमचे कस्टर्ड पावडर आणि तेवढीच साखर कालवा.

करताना: अंडी, दूध, साखर, वेलची आणि मीठ एकत्र फेटा. स्लाइस प्रत्येक बाजूने १५-२० सेकंदच बुडवा. मंद ते मध्यम आचेवर प्रत्येक बाजू दोन-तीन मिनिटं भाजा. आच मोठी केली तर साखर जळते आणि आतलं अंडं कच्चं राहतं.

खरेदी करताना: लहान-मोठ्या पाकिटांची तुलना एकूण किमतीवरून करू नका. पाकिटावर प्रति ग्रॅम किंवा प्रति मिली दर छापलेला असतो, तो पाहा. दूध ‘थंड ठेवण्याचे’ म्हणून छापील किमतीपेक्षा जास्त पैसे मागितले तर देऊ नका. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

हात सैल सोडायचाच असेल तर फळांवर सोडा. हिवाळ्यात महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, मे महिन्यात आंब्याच्या फोडी, एरवी केळी. हंगामातलं फळ गोड असतं, म्हणून साखर आणि काकवी दोन्ही कमी लागतात, आणि मुलांच्या पोटात चार घास फळांचे जातात.