शाळेची वाट आणि पायी जाणारे मूल

बालकांच्या शिक्षणाच्या अधिकाराचा कायदा २००९ मध्ये संमत झाला. त्याखालील नियमांनुसार पाचवीपर्यंतची शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत, तर सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावयास हवी. हे अंतर पायी जाण्याचे आहे. मात्र अंतर मोजले गेले, वाट पाहिली गेली नाही. शाळा राज्यमार्गाच्या एका अंगास आणि वस्ती दुसऱ्या अंगास असेल, तेथे दोनशे मीटरांची वाटही बिकट ठरते.

अपघात झाला की मुलाच्या अवखळपणाकडे बोट दाखविले जाते. हे न्याय्य नव्हे. सहा-सात वर्षांचे मूल उभ्या ट्रकच्या आडून चालकास दिसत नाही, व त्यालाही पलीकडचे दिसत नाही. येणाऱ्या वाहनाच्या वेगाचा नीट अंदाज त्या वयात येत नाही. तेव्हा सावधगिरीचा मुख्य भार वाहनावरच पडला पाहिजे. ताशी ३० किलोमीटर वेगाची मोटार, चालकास भान येण्याचा एक सेकंद धरूनही, कोरड्या रस्त्यावर सुमारे १३ मीटरांत थांबते. ताशी ५० किलोमीटर वेग असल्यास तेवढ्या अंतरात चालकाचा पाय जेमतेम ब्रेकवर पोहोचतो. गाडी थांबण्यास सुमारे २८ मीटर लागतात. २०२० च्या स्टॉकहोम येथील जागतिक परिषदेने पादचारी व वाहने एकत्र असतील तेथे ३० ची मर्यादा सुचविली, ती यामुळेच.

केवळ फलक लावून वेग उतरत नाही. त्यासाठी गतिरोधक हवा, पण तो शास्त्रशुद्ध. भारतीय रस्ते परिषदेच्या मानकानुसार तो ३.७ मीटर रुंद व मध्यभागी १० सेंटिमीटर उंच, गोलाईचा असतो. गावोगाव रातोरात उभे राहणारे अरुंद उंचवटे दुचाकीस्वारास पाडतात आणि पुढे लोकच ते उखडून टाकतात. पदपथ किमान १.८ मीटर मोकळा असावा, असेही परिषद सांगते. टपऱ्या आणि उभ्या मोटारसायकली वगळून ही रुंदी कोठे उरते, हे टेप धरूनच पाहावे.

राज्यमार्गावरील काम सार्वजनिक बांधकाम विभागाचे आहे; ग्रामपंचायतीने ठरावासह मागणी करावी. गावातील सार्वजनिक रस्त्यांवरील अतिक्रमणे हटविण्याचा अधिकार मात्र १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५३ अन्वये पंचायतीलाच आहे. शिक्षकांनी चौथीच्या मुलांकडून घर ते शाळा असा नकाशा काढवून घ्यावा व भीती वाटते त्या जागी लाल खूण करण्यास सांगावे. बहुतेक खुणा एकाच वळणावर आल्या, तर ठरावात प्रथम त्या वळणाचे नाव घालावे.